गो, नो-गो आणि मी

मराठी विभागासाठी लेख दे, असं संपादक मंडळातल्या मुली आमच्या रूमवर येऊन सांगून गेल्या, तेव्हा मी आधी सरळ नाही म्हटलं. दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मी. मराठी म्हणजे आठवड्यातले चार तास आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीचं गाईड. अजूनही कुणी 'एकोणसाठ' म्हटलं की मला मनात आधी फिफ्टी नाइन करावं लागतं. पण रूममेट म्हणाली, "ते गॅरेजवालं लिही ना, आम्हाला सांगितलंस तसं." म्हणून सांगितलं होतं तसंच लिहिते आहे. ऱ्हस्व-दीर्घ तेवढं सांभाळून घ्या.

तर गॅरेज. सेकंड इयरची परीक्षा संपल्यावर, 2025 च्या सुटीत, मी पाच आठवडे मामाकडे गेले होते. मामा अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात राहतो, हॅरिसबर्गपासून थोडं लांब, एका लहानशा गावात. मागे जंगल, संध्याकाळी अंगणात हरणं. पहिले चार दिवस मी हरणांचे फोटो काढले. पाचव्या दिवशी हरणंही बोअर झाली.

शेजारी एक आजोबा राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. आयुष्यभर कारखान्यात मशिनिस्ट होते. मामी त्यांना डब्यातून पोहे देते आणि ते मामाच्या गवत कापायच्या मशीनचं पातं लावून देतात, असा व्यवहार. मी मेकॅनिकलला आहे हे मामीने त्यांना मोठ्या कौतुकाने सांगितलं. झालं! दुसऱ्या दिवशी आजोबा कुंपणापाशी हजर. "तू इंजिनियर ना? मग मला एक पाना निवडायला मदत कर."

पाना कसला? तर रायफलचं बॅरल काढून नवीन बसवायचा!

मामाचं तोंड बघण्यासारखं झालं. रायफलशी आमच्या घराण्याचा संबंध शून्य. माझा स्वतःचा संबंध म्हणजे 2024 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्सचं ब्राँझ मिळवलं, तेव्हा होस्टेलच्या टीव्ही रूममध्ये घसा बसेपर्यंत ओरडले होते, इतकाच. मामा मला बाजूला घेऊन म्हणाला, "हे बघ, तू इथे व्हिजिटर व्हिसावर आली आहेस. तशा लोकांना, काही अपवाद सोडले तर, इथे बंदूक बाळगता येत नाही. गॅरेजमध्ये जा, बघ, शीक, पण त्या रायफलला बोट लावायचं नाही. कबूल?" मी म्हटलं कबूल.

आजोबांची गोष्ट अशी. पेनसिल्व्हेनियात हरणाच्या शिकारीचा रायफलचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सुरू होतो. आजोबा दर वर्षी जायचे. मग आजी आजारी पडल्या आणि गेल्या. त्या दोन वर्षांत रायफल तळघरात ओलीत पडून राहिली आणि बॅरलच्या आत गंजाचे खड्डे पडले. आता नातू मोठा झाला होता आणि त्याला या हंगामात आजोबांबरोबर जायचं होतं. नवीन रायफल घेऊन देणारे काका, मामा त्याला पुष्कळ होते, पण आजोबांना हीच द्यायची होती. दुकानात कारागिराकडे टाकायलाही तयार नाहीत. "पन्नास वर्षं मी दुसऱ्यांचे जॉब केले, हा माझा आहे," म्हणे. अडचण एकच होती. संधिवाताने बोटं वाकडी झालेली आणि डोळ्यांनी जवळचं नीट दिसत नव्हतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते, नाहीतर होस्टेलचं डोकं कुठल्या कुठे धावतं. अमेरिकेत 1968 च्या केंद्रीय कायद्यात 'बंदूक' म्हणजे तिची मूळ चौकट, म्हणजे रिसीव्हर. नंबर त्यावर असतो. पेनसिल्व्हेनियात बॅरल हा सुटा भाग म्हणून विकत मिळतो आणि आपली रायफल आपण घरी दुरुस्त करता येते. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्यात सुटे भागसुद्धा शस्त्रातच मोडतात, आणि दुरुस्ती करायलाही लायसन्स लागतं. तेव्हा हे वाचून कुणी फिटिंग शॉपकडे पळू नका.

पहिल्या दिवशी गॅरेजमध्ये गेले तर आजोबांनी सगळ्यात आधी रायफलचा बोल्ट उघडून ती रिकामी आहे हे दाखवलं. पुन्हा आत करंगळी घालून तपासलं. गोळ्या गॅरेजमध्ये नव्हत्याच, घरात कुलपात होत्या. तरी पुढे रोज काम सुरू करताना हेच. मी हसले तर म्हणाले, "रोज सकाळी आपण थोडे वेगळे मूर्ख असतो."

मग त्यांनी खोक्याचा पुठ्ठा काढला. त्यावर तीन रकाने. धरायला, फिरवायला, तपासायला. "बोल, कुठून सुरू करायचं?"

मी अर्थातच मधल्या रकान्यावर बोट ठेवलं. टॉर्क म्हणजे बल गुणिले अंतर, म्हणून लांबात लांब दांड्याचा पाना घ्यायचा. अप्लाइड मेकॅनिक्समध्ये मला एकोणसाठ होते (फिफ्टी नाइन!), एवढं तर येणारच.

आजोबा म्हणाले, "लांब दांडा कुणीही आणेल. तू पाना ओढलास की दुसरी बाजू कोण धरणार?"

न्यूटनचा तिसरा नियम मला पाठ होता, पण तो कधी माझ्या कामाला आला नव्हता. बॅरल रिसीव्हरमध्ये आट्यांनी बसवलेलं असतं, बाटलीच्या झाकणासारखं. फरक एवढाच की कारखान्यात ते चांगलंच आवळलेलं असतं. बॅरल गोल, गुळगुळीत. रिसीव्हर म्हणजे आतून पोकळ, बाजूने खिडक्या कापलेला नळकांड्यासारखा भाग. धरायला दोघांनाही धड जागा नाही. साधा पाइप पाना लावला तर बॅरलवर दात उमटतात. रिसीव्हरच्या खिडकीत लोखंडी सळई घालून पिळलं तर तो वाकू शकतो. तो वाकला की बॅरल नव्हे, बंदूकच गेली.

म्हणून बॅरल धरायला खास व्हाइस लागतो. दोन जाड ठोकळे, मध्ये बॅरलच्या मापाची खाच, आणि ते आवळायला मोठे बोल्ट. पोलाद थेट पोलादावर येऊ नये म्हणून मध्ये ॲल्युमिनियमचे किंवा लाकडाचे अर्धगोल तुकडे. तरी बॅरल सरकलंच तर राळेची पूड टाकायची, तबल्याच्या हाताला पावडर लावतात ना, त्याच्या बरोबर उलट कामासाठी. आणि हा व्हाइस ज्या टेबलावर बसवायचा ते टेबल भिंतीला बोल्टने पक्कं करायचं. आमचा पहिला अर्धा दिवस फक्त टेबल भिंतीला लावण्यात गेला. मला वाटलं, काय हा वेळेचा खून!

फिरवायचा पाना कुठला हे रायफल ठरवते. काही रायफलमध्ये, उदाहरणार्थ 1962 साली आलेल्या रेमिंग्टन 700 मध्ये, बॅरलला खांदा असतो आणि तो थेट रिसीव्हरवर आवळलेला असतो. तिथे रिसीव्हरसाठी खास पाना लागतोच, आणि नवीन बॅरल नेमकं बसायला बहुधा लेथवर काम करावं लागतं. आजोबांची रायफल होती सॅव्हेज 110. हे डिझाइन 1958 चं, निकोलस ब्रूअर नावाच्या माणसाचं. यात बॅरलवर वेगळा नट असतो. बॅरल हवं तितकं आत-बाहेर फिरवायचं आणि मग नट आवळून तिथेच लॉक करायचं. लेथ नसलेल्या घरासाठी हीच सोयीची. नटाला खाचा होत्या, त्यात बसणाऱ्या दातांचा पाना घ्यायचा. सैल बसणारा स्वस्त पाना घेतला तर खाचा खाऊन टाकतो.

आता राहिला रिसीव्हर धरायचा पाना. तो दोन तऱ्हेचा. एक बाहेरून कवटाळतो, दुसरा मागून रिसीव्हरच्या आत शिरतो, जिथे बोल्ट सरकतो त्या खाचांत. आजोबांनी त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं. किंमत साधारण ऐंशी डॉलर. मी मनात रुपये केले. जवळजवळ सात हजार, म्हणजे आपल्या मेसची दोन महिन्यांची बिलं! मी हुशारी केली. म्हटलं, "बॅरल व्हाइसमध्ये आहे, नट त्याच्या पान्याने फिरवायचा. मग रिसीव्हर हाताने धरला तरी चालेल की. हे पैसे वाचवा."

आजोबांनी माझ्याकडे बघितलं, थोडा विचार केला आणि ती ओळ खोडली. मला केवढा आनंद झाला! आयुष्यातला पहिला इंजिनियरिंग सल्ला, आणि तो पन्नास वर्षं काम केलेल्या मशिनिस्टने ऐकला होता.

तिसऱ्या रकान्यात दोन छोटे गेज होते. 'गो' आणि 'नो-गो'. त्यांचे पैसेही वाचवायचा मी प्रयत्न केला. एक घेऊन दुसऱ्याचं काम त्यावर चिकटपट्टी लावून भागवता येतं, असं मी कुठेतरी वाचलं होतं. इथे मात्र आजोबा ढिम्म. "या दोघांत कंजूषपणा नाही."

ही भानगड समजावून सांगते. काडतूस बॅरलच्या मागच्या खोलीत बसतं आणि मागून बोल्ट ते दाबून धरतो. बोल्टच्या तोंडापासून काडतूस आत जिथे टेकतं तिथपर्यंतच्या अंतराला हेडस्पेस म्हणतात. ते कमी झालं तर बोल्ट बंद होत नाही. जास्त झालं तर गोळी उडताना पितळी केस मागे ताणली जाते आणि फाटू शकते. आजोबांची रायफल .308 विंचेस्टरची होती. या काडतुसाचा दाब 62,000 पीएसआयपर्यंत जाऊ शकतो. आपल्या कारच्या टायरमध्ये तीसेक पीएसआय हवा असते, म्हणजे दोन हजार पट! तो गरम वायू मागे फुटला तर समोर काय असतं? रायफल धरणाऱ्याचा चेहरा.

.308 चा गो गेज 1.630 इंच आणि नो-गो 1.634 इंच. गोवर बोल्ट बंद झाला पाहिजे, नो-गोवर बंद होता कामा नये. दोन्हींमध्ये फरक चार हजारांश इंच, म्हणजे एक दशांश मिलिमीटर. आपल्या असाइनमेंटच्या कागदाची जाडी साधारण तेवढीच.

दहा दिवसांत सगळं सामान आलं. काढायच्या दिवशी पाना ओढायला माणूस हवा होता. मी बोट लावणार नाही असा शब्द दिलेला. शेवटी मामीने मामालाच पिटाळलं. मामा सॉफ्टवेअरवाला, घरी बल्ब बदलतो तेव्हाही यूट्यूब बघतो. पण त्याने अंगातलं सगळं बळ लावून नटाचा पाना ओढला. टेबल हललं नाही, व्हाइस हलला नाही, आणि 'ठक्' असा एक आवाज होऊन नट सुटला. तेव्हा मला तो अर्ध्या दिवसाचा वेळेचा खून कळला. टेबल हललं असतं तर मामाचं निम्मं बळ टेबल हलवण्यातच गेलं असतं.

जुनं बॅरल निघालं. नव्याच्या आट्यांना आजोबांनी ग्रीससारखं एक करडं मलम लावलं, पुढच्या वेळी काढताना अडकू नये म्हणून. मी हसू दाबलं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पुढची वेळ! पण ते स्वतःसाठी लावत नव्हते, हे मला नंतर कळलं. गो गेज आत ठेवून बोल्ट बंद केला, बॅरल गेजला टेकेपर्यंत फिरवून बसवलं. मग आजोबांनी दोन्ही हातांनी रिसीव्हर धरला, मामाने नट आवळला, मी टॉर्च धरली.

आता तपासणी. बोल्टमधले स्प्रिंगचे भाग आधीच काढून ठेवले होते, म्हणजे बोटाला फक्त गेजचा विरोध लागावा. गोवर बोल्ट बंद झाला. मग नो-गो. आजोबांनी एका बोटाने बोल्टचा दांडा खाली ढकलला. त्यांच्या बोटाला नीट जाणवत नव्हतं आणि डोळ्याला दिसत नव्हतं. म्हणून त्यांनी मला विचारलं, "पूर्ण खाली आला का?"

मी टॉर्चच्या उजेडात बघितलं. दांडा पूर्ण खाली आला होता.

आता जे लिहिते आहे ते मी रूममेटलासुद्धा नीट सांगितलेलं नाही. त्या क्षणी मी लगेच उत्तर दिलं नाही. संध्याकाळचे सात वाजले होते. मामा घामाने चिंब झालेला. आजोबांचे हात थरथरत होते. आणि चूक कुठे झाली हे मला एका क्षणात कळलं. बॅरलवर एका इंचात वीस आटे, म्हणजे एक पूर्ण फेरा झाला की पन्नास हजारांश इंच. चार हजारांश सरकायला एका फेऱ्याच्या बाराव्या भागाएवढंही फिरायला नको. घड्याळाचा काटा पाच मिनिटं सरकतो, तेवढंच. नट आवळताना त्याच्या ओढीने रिसीव्हर आजोबांच्या दुखऱ्या हातांतून तेवढा फिरला होता, आणि फिरला होता तो सैल व्हायच्या दिशेने. तो धरायचा पाना मीच यादीतून काढायला लावला होता.

एका कागदाएवढी तर फट. "नाही आला" म्हटलं असतं की सगळे जेवायला गेले असते.

आणि मला आठवला फर्स्ट इयरचा फिटिंगचा जॉब. स्पष्टच लिहिते. तो मी केलेला नव्हता. सबमिशनच्या आदल्या दिवशी एका सीनियरकडून घेतला, तिचा रोल नंबर कानशीने घासून काढला, माझा पंच केला आणि तेल लावून टेबलावर ठेवला. सरांनी दोन्ही तुकडे एकमेकांत बसवून ट्यूबलाइटसमोर धरले. फटीतून उजेड आला नाही. सही मिळाली. व्हायवात मला 'गेजचा उपयोग काय' असं विचारलं होतं, आणि मी गाईडमधलं वाक्य घडाघडा म्हटलं होतं. त्या लबाडीने कुणाचं काही बिघडलं नाही, असंच मी इतके दिवस धरून चालले होते. माझ्या चुकीच्या समोर कुणाचा चेहरा असू शकतो, हे कधी मनातच आलं नव्हतं. इथे चेहरा होता. त्याचा फोटो गॅरेजच्या भिंतीवरच लावला होता, पुढचे दोन दात पडलेला, हातात मासा धरलेला नातू.

मी म्हटलं, "आला. पूर्ण बंद झाला. आणि चूक माझी आहे, तो पाना घ्यायला हवा होता."

मला वाटलं, आजोबा वैतागतील. त्यांनी गेज काढून पुसला, डबीत ठेवला आणि म्हणाले, "याचे पैसे वसूल झाले. गेज घेतो ते 'नाही' ऐकण्यासाठीच. 'हो' म्हणायला तर सगळेच असतात." मग पेन्सिलीने पुठ्ठ्यावरची खोडलेली ओळ पुन्हा लिहिली. मला एका शब्दानेही बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

पाना यायला पाच दिवस लागले. मागून आत शिरणारा घेतला. नट पुन्हा सोडला, गो गेज ठेवून बॅरल पुन्हा बसवलं. या वेळी आजोबांनी रिसीव्हर नव्या पान्याने धरला आणि मामाने नट आवळला. गोवर बोल्ट बंद झाला. नो-गोवर दांडा अर्ध्यावर येऊन थांबला. आजोबांनी विचारलं, "खाली आला?" मी म्हटलं, "नाही." माझ्या आयुष्यातलं सगळ्यात आनंदाचं नाही! मामाने चक्क टाळ्या वाजवल्या. मामीने त्या दिवशी पोह्यांऐवजी शिरा पाठवला.

आता मी थर्ड इयरला आहे. डिसेंबरमध्ये मामाने कळवलं की आजोबा आणि नातू पहिल्या शनिवारी जंगलात गेले होते. हरीण दिसलं नाही. दोघं थंडीत दिवसभर बसून सँडविच खाऊन परत आले आणि अगदी खुशीत होते. मला ऐकून बरं वाटलं. हरणासाठीही बरं वाटलं.

परत आल्यावर ऑगस्टमध्ये मी वर्कशॉपमध्ये गेले आणि फिटिंगच्या सरांना विचारलं, "सर, संध्याकाळी व्हाइस रिकामा असतो का?" का, ते सांगताना जीभ अडखळली, पण सांगितलं. सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कानशी त्या कपाटात आहेत. धरायला आधी शिक, घासायचं नंतर." मला हसूच आलं. अगदी तोच पहिला रकाना!

नऊ संध्याकाळी लागल्या. हाताला फोड आले. जॉब झाला. ट्यूबलाइटसमोर धरला तर एका कोपऱ्यातून उजेडाची बारीक रेघ येते. सरांनी बघितली, मीही बघितली. मार्क वगैरे काही नाहीत, ते फर्स्ट इयरलाच मिळून गेले. पण तो जॉब मी रूममध्ये टेबलावर ठेवला आहे, रेघेसकट.

आणि हो, फर्स्ट इयरच्या मुलींना आगाऊ सूचना. सबमिशनच्या आदल्या रात्री माझ्या रूमचं दार वाजवू नका. चहा मिळेल, कानस कशी धरायची तेही दाखवीन. जॉब मिळणार नाही!